कॅल्शियमचा डबा
फडताळ आवरताना कॅल्शियम पावडरीचा जुना डबा हाती लागला आणि तोच खडूसारखा वास आला. पोशेऱ्याच्या शाळेवर असताना मी जर्मन शेफर्डचं पिल्लू पाळलं होतं. मोठ्या जातीचं, लवकर थोराड व्हावं म्हणून मी त्याला पोट तट्ट होईपर्यंत दूधभात, अंडी आणि वर ही पावडर चारायचो. चार महिन्यांतच त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले. शेजारच्या काकू नागलीची, म्हणजे नाचणीची, लावणी आटोपून चिखलाच्या पायांनी अंगणात आल्या आणि डोळे मिटून त्याच्या बरगड्या चाचपू लागल्या. "गुरुजी, खत जास्त झालं का नागली भराभर वाढते न् आडवी पडते. याला हळू वाढू द्या. बरगडी हाताला लागली पाहिजे." मला रागच आला. पण जव्हारच्या गुरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पावडर बंद, मोठ्या जातीच्या पिल्लांचंच खाद्य, तेही मोजून. पाय हळूहळू सरळ झाले. कुत्र्याचं खाद्य कधी पाहिलंही नसलेल्या काकूंनी ते नुसत्या बोटांनी ओळखलं होतं. आज मी डबा बाजूला ठेवला, दाराशी पसरलेल्या त्याच कुत्र्याच्या बरगड्यांवरून डोळे मिटून हात फिरवला आणि मगच त्याची ताटली भरली.