बुंगोकरांची वाटी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची फोड जुन्या जाणत्यांनी केली आहे. फुटबॉलच्या मैदानावर येणाऱ्या पाहुण्याला ही व्याख्या लागू पडत नाही. त्याची तिथी, वार आणि वेळ हंगामाच्या आरंभीच छापून येते. तो कोणत्या दाराने शिरेल आणि कोणत्या बाजूला बसेल हेही ठरलेले असते. शिवाय तो यजमानाला हरवण्याच्या उघड हेतूने येतो. अशा पाहुण्याचे आतिथ्य कसे करावे, हा प्रश्न शास्त्रकारांनी विचारात घेतलेला दिसत नाही. शिराने गावच्या फुसाए यानागिदा यांनी तो घेतला, आणि तोही उकळत्या पातेल्याशी उभ्या राहून. आपल्या घरचे उत्तम ते पाहुण्याला वाढणे कोणाही सुसंस्कृत माणसाला जमते. त्यात यजमानाचा अभिमानही सुखावतो. परंतु पाहुण्याला त्याच्याच घरचे वाढावे आणि पहिल्या घासाला त्याला ते ओळखू यावे, हे फार अवघड आहे. त्यासाठी आपल्या हाताला लागलेले वळण काही काळ विसरावे लागते. फुसाएबाईंना ते साधायला सहा वर्षे लागली.

बाविसाव्या वर्षी त्या यानागिदांच्या घरात सून म्हणून आल्या. काईच्या खोऱ्यात, स्टेशनासमोर, या घराचे होउतोचे दुकान होते. होउतो म्हणजे भोपळ्याच्या दाट रश्शात शिजवलेल्या कणकेच्या रुंद पट्ट्या, आपल्या चकोल्यांच्या जातीच्या. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या हातात सुरी ठेवली आणि एवढेच सांगितले, "पट्टी बोटभर रुंद. दीड बोट झाली तर गिऱ्हाईक बघतं, पाऊण बोट झाली तर सासू बघते." पुढची चाळीस वर्षे पट्टी बोटभरच राहिली. सासूबाई गेल्या, पती कियोमात्सु गेले, दुकानाचे दार बंद झाले. सुरी मात्र धार लावून लावून अर्धी झाली तरी हातातून सुटली नाही.

गावच्या फुटबॉल संघाने मैदानाभोवती स्थानिक लोकांना खाण्याचे स्टॉल दिले तेव्हा फुसाएबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. जागा चिठ्ठ्या टाकून ठरल्या. त्यांना मिळाला नववा, सर्वांत शेवटचा स्टॉल, दक्षिण गॅलरीच्या मागे, पाहुण्या संघाच्या समर्थकांच्या दाराला अगदी लागून.

"वहिनी, तुझ्या हाताला चिठ्ठीसुद्धा नेमकी हीच लागली," यासुनो म्हणाली. यासुनो त्यांची धाकटी नणंद, अविवाहित, स्टॉलवरची त्यांची एकमेव सोबतीण आणि शिराने गावातली सर्वांत तिखट जीभ. "आपली माणसं त्या टोकाला आणि आपण शत्रूच्या दारात."

"शत्रूलाही भूक लागते," फुसाएबाई म्हणाल्या आणि पातेले उतरवू लागल्या.

त्या मैदानावर एक प्रघात होता, आणि अजूनही आहे. ज्या प्रांताचा संघ खेळायला यायचा, त्या प्रांताचा प्रसिद्ध पदार्थ त्या दिवशी स्टॉलवर शिजवायचा आणि गावच्या समर्थकांनी तो चाटूनपुसून संपवायचा. सामना सुरू होण्यापूर्वीच प्रतिस्पर्ध्याला खाऊन टाकायचे, असा त्यामागचा भाव. शेजारच्या आठव्या स्टॉलवरचे ओगिहारा हा विधी फार सोप्या रीतीने उरकीत. त्यांच्या तळलेल्या कोंबडीवर एका रविवारी लाल पूड पडे, दुसऱ्या रविवारी हिरवी. पाटीवर प्रांताचे नाव बदलले की शत्रूचे भक्षण झाले. फुसाएबाईंना हे पटेना. ज्या वस्तूला जे नाव दिले ते तिचेच असले पाहिजे, अशी त्यांची साधी धारणा होती. त्या वाचनालयात जात, दूरच्या प्रांतांच्या पाकपुस्तकांतून बारीक अक्षरात टिपून आणीत आणि सामन्याच्या आधी आठवडाभर यासुनोला रोज तोच पदार्थ खाऊ घालीत.

सामना असा त्यांनी कधी पाहिलाच नाही. स्टॉल गॅलरीच्या पाठीशी होता. त्यांनी गोल पाहिले नाहीत, ऐकले. पाहुण्यांचा गोल झाला की डोक्यावरचे लोखंडी फळकूट दणाणे आणि वाट्यांची चळत थरथरे. आपला गोल झाला की पलीकडून, मैदान ओलांडून, एक मऊ लाट उशिरा येई. दारालगतच्या जागेमुळे त्यांच्या वाट्याला परक्यांचाच आनंद जवळून आला, आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

पहिल्याच वर्षी बुंगोकर आले. दक्षिणेच्या समुद्रकाठची ही माणसे रात्रभर बोटीने आणि मग दिवस उगवल्यावर बसने प्रवास करून येत. त्यांच्याकडे दांगो-जिरु नावाचा पदार्थ करतात. दांगो म्हणजे गोळा. पण या रश्शात गोळा नसतो, कणकेच्या लांब चपट्या पट्ट्या असतात. पट्ट्या म्हटल्यावर फुसाएबाईंच्या हाताला काही शिकायचे उरले नव्हते. त्यांनी कणीक लाटली, बोटभर रुंदीने कापली, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट गोळा घालून उकळली. बुंगोकरांनी वाट्या रिकाम्या केल्या, कमरेत वाकून म्हणाले, "फारच छान झालंय," आणि गॅलरीत गेले. एकच वाटी अर्धी परत आली. ती आणून देणारा गृहस्थ सत्तरीचा होता. गळ्यात निळा मफलर, हातांना मासेमारीची जाळी विणून पडलेले घट्टे. त्याचे नाव इसोमुरा.

"बाई, चव चांगली आहे," तो म्हणाला. "पण हे आमचं नव्हे."

"काय चुकलं?"

इसोमुरांनी मफलर नीट केला. "ते मी कसं सांगू? आता दोन वाजता सामना आहे."

त्या दिवशी शिराने हरले. दुसऱ्या वर्षी फुसाएबाईंनी कणकेत मीठ घालून ती मुरवली. अर्धी वाटी परत आली, शिराने हरले. तिसऱ्या वर्षी त्यांनी बुंगोहून जवाचा मिसो मागवला. चौथ्या वर्षी रश्शातला भोपळा काढून टाकला, आणि भोपळा काढताना त्यांना कोणी आप्त गेल्यासारखे झाले. पाचव्या वर्षी पाणी बदलले. दर वर्षी इसोमुरा रांगेत पहिले उभे असत, अर्धी वाटी सन्मानपूर्वक परत आणीत आणि तेच शब्द बोलत. दर वर्षी डोक्यावरचे लोखंड दणाणे.

"सरळ हिशेब आहे," यासुनो म्हणे. "आपण जे खातो ते त्यांचं नाहीच. मग ते खाल्ले कुठे गेले? धडधाकट उतरतात मैदानात."

फुसाएबाईंना पराभवाचे दुःख फारसे नव्हते. आपण पाच वर्षे एका खोट्या नावाची पाटी लावीत आहोत, हे मात्र त्यांच्या मनाला लागले होते. सहाव्या वर्षी, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "यासुनो, उद्याही त्यांनी अर्धी वाटी परत आणली तर मी पाटी उतरवीन. यापुढे बुंगोकर येतील त्या दिवशी नुसता होउतो. निदान तो तरी खरा."

यासुनोने थट्टा न करता घड्याळाला पहाटेचा गजर लावला.

दुसरा दिवस ऑक्टोबरचा, स्वच्छ रविवार. पहाटे मळलेल्या कणकेचे उंडे ओल्या फडक्याखाली ठेवून दोघी मैदानावर आल्या. स्टॉल मांडला, पाणी चढवले, पाटी लावली. अकराला दारे उघडली, एकदा आत आलेल्या गाड्यांना सामना संपेपर्यंत बाहेर पडण्याची मनाई झाली, आणि फुसाएबाईंनी हात पुढे केला.

"यासुनो, सुरी."

"पिशवीत."

"पिशवीत लाटणं आहे."

"मग... अगं बाई! वहिनी, चपलांच्या कपाटावर! बुटाची नाडी बांधायला म्हणून तिथे ठेवली होती."

"नाडी बांधलीस ना नीट?"

"बांधली."

"चला, एक काम तरी धड झालं."

ओगिहारांच्या फळीवर सुरी होती. परंतु मैदानात येणारी प्रत्येक सुरी सकाळी दारावर नोंदवली जाते आणि तिच्या मुठीला स्टॉलच्या आकड्याची चिठ्ठी चिकटवतात. ओगिहारा सुरीकडे पाहत, फुसाएबाईंकडे पाहत, तीनदा वाकले.

"फुसाए-सान, काय सांगू, हिच्यावर आठ लिहिलंय. नवावर कशी देऊ? माझ्या फळीवर या म्हटलं असतं, पण इथे कच्ची कोंबडी कापलीय. इथे पीठ आणणं नियमात बसत नाही."

"तुमच्या घराला आग लागली तर बादलीवरचा आकडा वाचून पाणी टाकाल तुम्ही!" यासुनो कडाडली.

ओगिहारांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बादली कोणाची आहे ते बघावं तर लागेलच हो."

फुसाएबाई त्यांच्यावर रागावल्या नाहीत. त्यांच्याकडे नवव्या स्टॉलची सुरी मागायला कोणी आले असते तर त्यांनीही हेच केले असते. लाटलेली पोळी कापल्यावाचून निरुपयोगी. त्यांनी एक उंडा उचलला, त्याचा अंगठ्याएवढा तुकडा तोडला आणि दोन्ही हातांनी ओढला. तो तुटला. दुसरा गाईच्या जिभेसारखा झाला. "सासूबाई असत्या तर आज माहेरी धाडलं असतं मला," त्या पुटपुटल्या. पहाटेपासून मुरलेली कणीक तिसऱ्या तुकड्याला मात्र वश झाली. दोन टोके धरून त्यांनी ती सैल सोडली आणि ती आपल्याच वजनाने हातभर खाली उतरली. कडा पातळ, मध्य जाड, अंगावर बोटांचे ठसे. त्यांनी ती तशीच पातेल्यात सोडली. मग पुढची. चाळीस वर्षे बोटभर रुंदी जपलेला हात आता रुंदी पाहीनासा झाला.

"आले परीक्षक," यासुनो कुजबुजली.

निळा मफलर रांगेच्या तोंडाशी उभा होता.

"इसोमुरा-सान, आज आकाराकडे बघू नका," वाटी देताना फुसाएबाई म्हणाल्या. "फार ओबडधोबड झालंय. नको असलं तर तसं सांगा, मी पाटी उतरवते."

इसोमुरांनी वाटीत पाहिले. एक पट्टी उचलून तोंडात घातली. मग दुसरी. रांगेतली माणसे थांबली होती; ओगिहारांनीही झारा खाली ठेवला होता. वाटी ओठांना लागली, उंच होत गेली, आणि खाली आली तेव्हा तिचा तळ दिसत होता.

"आमच्यातला फितूर कोण?" इसोमुरांनी विचारले.

"कोणी नाही हो. सुरी घरी राहिली."

ते इतके हसले की त्यांना जवळच्या कठड्यावर बसावे लागले. "या कणकेला सुरी लागतच नाही, बाई. माझी आई चुलीशी उभी राहून कणीक ओढायची आणि सरळ पातेल्यात टाकायची, आणि तोंडाने आम्हा पोरांचा उद्धार चालू. पाच वर्षं मी बघतोय, तुमची प्रत्येक पट्टी फूटपट्टीनं मोजल्यासारखी."

"आणि पाच वर्षं बोलला नाहीत?"

"चव हुकत होती तोवर आम्ही जिंकत होतो. कशाला बोलू? मी समर्थक आहे, साधू नव्हे." त्यांनी वाटी पुढे केली. "आणखी एक. आणि या वेळी जरा जास्त ठसे असलेली."

मग ते गॅलरीच्या जिन्याकडे वळून ओरडले, आणि बुंगोकर उतरले. झेंडे भिंतीला टेकवून रांगेत उभे राहिले. यासुनो वाट्या भरत होती, फुसाएबाई ओढत होत्या. खाताना त्या माणसांचे बोलणे हळूहळू त्यांच्या गावच्या बोलीत उतरले. कोणी आईबद्दल बोलत होता, कोणी नुसता वाटीवर वाकून उभा होता. सामन्याची शिट्टी वाजली तेव्हा पातेले कोरडे होते, आणि उशिरा आलेल्या शिरानेच्या माणसांना ओगिहारांच्या पुडीवर समाधान मानावे लागले.

"छान," यासुनो म्हणाली. "शत्रूला शत्रूनेच खाल्लं. आपल्या माणसांच्या तोंडी थेंब नाही. आता सहावा पराभव घे."

"घेऊ," फुसाएबाई म्हणाल्या. गॅलरीपलीकडे चाललेल्या सामन्याकडे त्यांचे लक्षच नव्हते. ती रिकामी वाटी त्यांनी वेगळी धुऊन उन्हात ठेवली होती.

सामना संपायला दहा मिनिटे असताना त्यांना एक आवाज ऐकू आला, जो या सहा वर्षांत कधी ऐकला नव्हता. डोक्यावरचे लोखंड दणाणले नाही; तिथून शेकडो कंठांतून एकदम "हाय!" असा श्वास सुटला. दोन क्षण सारे मैदान गप्प झाले, जणू कोणाला काय करावे ते कळेना. मग पलीकडून लाट आली, नेहमीपेक्षा मोठी, आणि तिच्यात हसू मिसळलेले होते.

"झालं काय?" यासुनोने जिन्याकडे धाव घेतली आणि परत आली ती पोट धरून हसतच. "वहिनी! बुंगोच्या गड्यानं डोक्यानं चेंडू मारला आणि स्वतःच्याच गोलमध्ये घातला!"

शिराने एक शून्याने जिंकले. बुंगोकर जाताना इसोमुरा थांबले, मफलर काढून वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "जेवणही आमचं, गोलही आमचाच. बाई, आज आम्ही तुम्हाला काहीच शिल्लक ठेवलं नाही."

फुसाएबाईंनी यानंतर सात वर्षे स्टॉल चालवला. त्या सात वर्षांत शिराने बुंगोकरांकडून चारदा हरले, म्हणजे यासुनोचा हिशेब टिकला नाही. वाटी मात्र एकदाही अर्धी परत आली नाही. इतर प्रांतांचे लोक येत तेव्हा फुसाएबाई आता पुस्तकात पाहण्याआधी रांगेतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारीत, "तुमची आई कसं करायची?" बहुतेक जण सांगत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वसंतात, हंगामाचा पहिला सामना झाल्यानंतरच्या आठवड्यात, त्या शांतपणे गेल्या.

नववा स्टॉल आता यासुनो चालवते. बुंगोकर येतात त्या दिवशी सुरी चपलांच्या कपाटावर असते.