फोननं गाळलेल्या बायका

पनवेलच्या कोळीवाड्यात विनिताला सगळे ‘सोनकानी’, म्हणजे सोन्याच्या कानांची, म्हणतात. हे नाव पाडलं तिच्या थोरल्या भावानं, प्रितेशनं, आणि तेही चिडवायला. विनिता चिडली नाही. तिनं ते नाव मिरवायला घेतलं.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती नवीन पनवेलच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला लागली. कमावती झाल्यावर पहिली खरेदी केली ती हेडफोनची. सुट्टी मिळाली की रेकॉर्डर घेऊन कर्नाळ्याच्या जंगलात जायची आणि पाखरांचे आवाज आणून घरात सगळ्यांना ऐकवायची. आई म्हणायची, “इथं खिडकीत चिमण्या ओरडतात, त्या फुकटच्या म्हणून वाईट काय?”

प्रितेशचा धंदा डीजेचा. त्याच्या स्पीकरांशिवाय कोळीवाड्यात हळद लागत नाही. भाऊबहिणीचं रोजचं भांडण गाण्याच्या फायलींवरून. एमपीथ्री फाइल लहान होते, कारण कानाला सहसा जाणवणार नाही असा आवाज ती टाकून देते. फ्लॅक फाइल काहीच टाकत नाही, म्हणून ती मोठी.

“दादा, तू एमपीथ्री वाजवतोस म्हणजे बर्फातली मासळी ताजी म्हणून विकतोस.”

“गिऱ्हाईक बोटं चाटतंय ना? मग तुझ्या पोटात का दुखतं?”

एका रविवारी प्रितेशनं तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. हेडफोन तिचाच. एकच गाणं तो कधी फ्लॅकमधून लावायचा, कधी उत्तम दर्जाच्या एमपीथ्रीमधून, आणि विनितानं ओळखायचं. पंच म्हणून प्रितेशची बायको मोनाली. विनितानं डोळे मिटून, श्वास रोखून ऐकलं. जेवढं बरोबर आलं तेवढंच चुकलं. नाणं उडवलं असतं तरी इतकंच जमलं असतं.

“सोनकानी नापास!” प्रितेशनं गल्लीभर ओरडून सांगितलं.

विनितानं हार कबूल केली, पण ती तिला चांगलीच लागली.

त्याच दिवसांत घरात दुसरी काळजी होती. त्यांची आत्या ठमाबाई ही कोळीवाड्याची धवलारीण, म्हणजे लग्नाच्या विधींत धवले गाणारी बाई. मांडव घालताना, हळद लावताना, नवऱ्याला न्हाऊ घालताना ठमाबाई एक ओळ म्हणणार आणि भोवतालच्या बायका ती झेलून मागोमाग म्हणणार. भटजींना उशीर झालेला चालायचा, पण ठमाबाईचा धवला झाल्याशिवाय नवरा पाटावरून उठायचा नाही. आज जे बाप झालेत, त्यांनाही तिनंच गाऊन हळद लावली होती.

गेल्या वर्षापासून दम्यानं तिचा गळा धरला. आणि आता लग्न आलं ते तिच्याच मुलाचं, शैलेशचं.

प्रितेश म्हणाला, “आत्या, तुझा जुना आवाज आहे माझ्याकडे. स्पीकरवर लावतो. अख्खं पनवेल ऐकेल.”

“माज्या पोराच्या लग्नान डबा गायचा नाय,” ठमाबाई म्हणाली. “घरातली बाई गायल, नायतर कोनी गायचं नाय.”

घरातल्या बायकांमध्ये गळा होता तो मोनालीचा. ती बँकेत नोकरीला, सकाळी जाऊन संध्याकाळी येणारी. म्हणून ठमाबाई दुपारी ओटीवर बायकांना घेऊन बसायची, दम खात खात धवला म्हणायची आणि फोन तोंडाशी धरून त्याची व्हॉइस नोट मोनालीला पाठवायची. मोनाली ती येताजाता ऐकून पाठ करायची.

“बघ,” प्रितेश बहिणीला म्हणाला, “माझी बायको फोनवर धवला शिकतेय. तुझं फ्लॅक लागलं का कुठं?”

नुकत्याच हरलेल्या विनितानं हेडफोन कानांवर चढवला.

लग्न तोंडावर आलं, तेव्हा ओटीवर तालीम झाली. मोनालीनं सुरुवात केली आणि बायकांच्या माना डोलल्या. सूर स्वच्छ, एकेक शब्द जागच्या जागी. पण बायका ओळ झेलायला जाताहेत तोवर मोनाली पुढच्या ओळीवर. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. शेवटी शेजारची भामाकाकी वैतागली, “अगो, आमाला तोंड तरी उघडू दे!”

ठमाबाईचा चेहरा उतरला. “गला हाय, सगलं हाय. पन ही एकलीच चालली, बायांना मागं टाकून. याला धवला नाय म्हनत.”

मोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आत्या, तुमच्या नोटमध्ये आहे तस्संच म्हटलं मी.”

“मी दर ओलीला थांबते. तू का नाय थांबत?”

मोनाली घुटमळली. “मला वाटलं, तुम्हाला दम लागतो म्हणून थांबता. दम्याची नक्कल कशी करायची?”

“आन आमी काय तिथं मुक्या बसलेलो?” भामाकाकीनं विचारलं.

विनितानं मोनालीचा फोन घेतला, हेडफोन लावला आणि नोट ऐकली. ठमाबाईची ओळ. मग शांतता. मग पुढची ओळ. तिनं आवाज पूर्ण वाढवला. शांततेच्या तळाशी काहीतरी पुसट सरकलं, पाण्याखाली कोणी बोलावं तसं. तिनं हेडफोन काढून ओटीच्या कडेला उभ्या असलेल्या प्रितेशपुढे धरला.

“दादा, ऐक.”

प्रितेशनं ऐकलं. “बायका कुठायत?”

“फोननं गाळल्या. जवळच्या माणसाचा आवाज ठेवायचा आणि मागचा गोंगाट पुसायचा, असं त्याला शिकवलेलं असतं. त्याच्या लेखी या सगळ्या गोंगाट.”

“मी गोंगाट?” भामाकाकी उठलीच. “आन तो फोन इकडं!”

ओटीवर हशा पिकला. ठमाबाईलाही हसताना खोकला आला.

विनिता मात्र विचारात पडली होती. इतके दिवस ती आणि दादा भांडले ते फाइल कशी साठवायची यावर. इथे साठवण्याआधीच अर्धा धवला गेला होता. मग तो कशातही भरा.

दुसऱ्या दिवशी तिनं स्टुडिओतून दोन माइक आणले. एक ठमाबाईपुढे, एक बायकांच्या मधोमध. घरातला पंखा बंद, फ्रिज बंद, प्रितेशला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं, मोटारसायकली थांबवायला. ठमाबाई हळूच गायली. पण तिच्या त्या बारीक आवाजाखाली बायकांचा आवाज असा उचलून आला की विनिताला हेडफोनमध्ये ओटी लांबरुंद झाल्यासारखी वाटली. जन्मभर ऐकलेला धवला तिनं त्या दुपारी पहिल्यांदा नीट ऐकला. तो एकट्या आत्याचा नव्हताच.

मूळ मुद्रण तिनं जसंच्या तसं जपून ठेवलं आणि मोनालीच्या फोनसाठी एक प्रत करून दिली.

“कशात दिलीस?” प्रितेशनं डोळे बारीक केले.

“एमपीथ्री.”

“आयला! सोनकानी!”

“हरले तर हरले. पण पुढच्या वेळी माइक मी लावणार.”

“लाव बाई, तूच लाव,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून असं ऐकायची तिला सवय नव्हती.

हळदीच्या सकाळी शैलेश पाटावर बसला. प्रितेशनं स्वतः जाऊन स्पीकर बंद केले आणि पोरांना दटावलं, “कोणी हात लावायचा नाही.” मांडव गप्प झाला. मोनालीनं पदर खोचला आणि पहिली ओळ उचलली. ओळ संपली आणि ती थांबली. त्या थांबण्यात डावीकडून, उजवीकडून, चुलीपाशी बसलेल्यांकडून बायकांचा आवाज आला आणि ओळ वर चढली.

विनिता रेकॉर्डर धरून उभी होती. हेडफोनमध्ये बायकांच्या घोळक्यातून एक खरखरीत आवाज तिला वेगळा ओळखू आला. ठमाबाई. पुढच्या पाटावरचा मान सोडून ती भामाकाकीला टेकून मागे बसली होती आणि भाचेसुनेची ओळ झेलत होती.

ठमाबाईनं तिला पाहिलं. ओळ पुरी केली आणि हातानं खुणावलं. “ते कानावरचं काड गो. इथं बस. बाय कमी पडते.”

विनितानं रेकॉर्डर खांबाला टांगला, तो चालू ठेवून. ती आत्याच्या शेजारी मांडी घालून बसली. मोनालीची ओळ संपत आली तशी तिनं छाती भरून श्वास घेतला.