सात फूट दोन इंच

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटतो. मी एका आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटर ट्रेड शिकवला. पोरांना पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगायचो - डोळा फसतो, टेप फसत नाही. भूत, भानामती, अंगात येणं यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आज पंचाहत्तरीतही मानत नाही. तरी हे लिहितोय, कारण जी गोष्ट मला समजलेली नाही तिच्याबद्दल मी एकदा लेखी खोटं बोललो आणि त्यात एका चांगल्या माणसाचं नुकसान झालं.

आमची सोसायटी सोलापुरात सात रस्त्याजवळ आहे. चार मजले, बारा फ्लॅट. पुढच्या बाजूला दुकानं, हातगाड्या आणि दिवसभर वाहनं... तिकडून बंब येणं अवघडच. म्हणून मंजूर नकाशात इमारतीच्या बाजूनं बारा फुटांची वाट सोडली आहे. ती मागच्या गल्लीतून आत येते आणि आमच्या गॅलऱ्यांखालच्या मोकळ्या जागेत संपते. आग लागली तर बंब तिथून आत यावा, शिडी तिथे लागावी, यासाठीच ती वाट.

मी तेव्हा सेक्रेटरी होतो. शेजारच्या हॉटेलाचे टेम्पो माल उतरवायला त्या वाटेत घुसायचे. सांगून, भांडून, पाटी लावून थकलो. शेवटी बंद पडलेल्या मिलच्या भंगारातून रुळाचा एक तुकडा आणला आणि वाटेच्या तोंडाशी काँक्रीटमध्ये उभा केला. जमिनीवर साडेसहा फूट. इमारतीच्या भिंतीपासून खांबापर्यंत अंतर सात फूट दोन इंच. मी स्वतः मोजून ठेवलेलं. कार जाईल, टेम्पो जाणार नाही. पलीकडे उरलेल्या जागेतून मोटारसायकली जातील. या हिशेबावर मी फार खूश होतो.

आमची ही, मालती, तेव्हाच म्हणाली होती, "टेम्पो जाणार नाही ते ठीक. पण बंब आला तर?"

"बंब आला तर बघू," मी म्हणालो.

दरवर्षी अग्निशमन खात्याला एक फॉर्म भरून द्यायचा असे. त्यात प्रश्न होता - बंबासाठी वाट मोकळी आहे का? मी 'होय' लिहून सही करत होतो. चार वर्षं केली.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळचे अकरा. आदल्या दिवशी हत्यारांची, गाड्यांची पूजा झाली होती. झेंडूची एक मोठी माळ उरली, तिचं मी तोरण केलं. एक टोक इमारतीच्या भिंतीतल्या हुकाला, दुसरं खांबाच्या डोक्याला. बाइंडिंग वायरनं, पक्कडीनं दोन पीळ देऊन आवळलं. हे तोरण लक्षात ठेवा.

मी कोपऱ्यावरून दूध घेऊन येत होतो. समोरच्या जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतून धूर निघताना दिसला. पाच मिनिटांत जिना काळा झाला. खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर पळाली, दुसऱ्या मजल्यावरची तोंडाला ओले टॉवेल बांधून कशीबशी उतरली. तिसऱ्या मजल्यावर मालती होती, आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या नरसम्मा आजी. दोघींचे गुडघे गेलेले. दोघी मागच्या गॅलरीत येऊन उभ्या होत्या.

मी मागच्या गल्लीत धावलो. घंटा वाजवत बंब आला. चालवणाऱ्याला मी लगेच ओळखलं. रफिक... माझाच विद्यार्थी. त्यानं वाटेच्या तोंडाशी बंब थांबवला आणि खांबाकडे बघितलं. बंबाची रुंदी आठ फूट, आरसे धरले तर त्याहून जास्त.

"सर, हे काय लावून ठेवलंय हितं?"

"थांब, गॅस कटर आणतो," एवढं म्हणून मी वळलो. गल्लीत वीस पावलांवर एक वेल्डिंगचं दुकान आहे, तिकडे पळालो. दुकानदाराला ओरडून सांगितलं आणि मागे बघितलं.

बंब आत होता.

गॅलरीखाली उभा. वर शिडी लागत होती. आणि बंबाच्या मागे, माझ्या आणि बंबाच्या मधे, खांब उभा होता. तोरण बांधलेलं. वाऱ्यानं जरा हलत होतं.

त्या क्षणी मी विचार केला नाही. बायको वर होती. नरसम्मा आजी शिडीवर पाय ठेवायला तयार नव्हत्या, पानसुपारीची चंची घरात राहिली म्हणून. मालती त्यांना वरून सांगत होती, "आजी, चंची मी नवी शिवून देते, आधी तुम्ही उतरा." दोघी उतरल्या. कुणालाही भाजलं नाही. आग अर्ध्या तासात विझली.

मग रफिकला वायरलेसवर दुसरीकडचं बोलावणं आलं. तो बंबात चढला, रिव्हर्स टाकला, आरशात बघितलं आणि पुन्हा खाली उतरला. चालत खांबापाशी आला. आधी हातानं अंतर मोजलं, मग बंबाची रुंदी मोजली. माझ्याकडे बघितलं.

"सर, म्या खांबावरच गाडी घातली हुती. मोडंल तर मोडंल म्हणलं, वर माणसं हायती. धक्का बसलाच न्हाई."

बंब बाहेर निघणं शक्य नव्हतं. वेल्डरनं रूळ कापायला घेतला. त्याआधी तोरण मी सोडवलं. पक्कडीनं. माझेच दोन पीळ, जसे आवळले होते तसे. खांबाच्या दोन्ही अंगांना हात फिरवून बघितला. लाल रंगाचा ओरखडासुद्धा नव्हता. भिंतीवरही नव्हता.

आता माझं पाप.

संध्याकाळी चौकशीसाठी एक अधिकारी यायचे होते. वाटेत खांब होता म्हटलं की माझ्या चार सह्या खोट्या ठरत होत्या. जी वाट माझ्याच बायकोला वाचवायला होती ती मी अडवली होती, हे सगळ्या सोसायटीसमोर लेखी यायचं होतं. अधिकारी येण्याआधी मी रुळाचा जमिनीलगतचा बुंधा पेव्हर ब्लॉकनं झाकला. वरचा तुकडा भंगारात दिला. आणि अधिकाऱ्यांना लिहून दिलं - खांब वाटेत नव्हता, कडेला कंपाउंडलगत होता. बंब बाहेर काढताना चालकानं त्याला धडक दिली, म्हणून कापावा लागला. वेल्डरला कुणी विचारलंच नाही, बंबावरचे बाकीचे जवान म्हणाले आमचं लक्ष वर होतं, आणि सोसायटीत दंडाच्या भीतीनं कुणी तोंड उघडलं नाही.

रफिकनं जे घडलं तेच सांगितलं. खांब मधोमध होता, मी त्यावर गाडी घातली, गाडी आत गेली, खांब उभाच राहिला.

अधिकाऱ्यांनी दोन्ही जबान्या शेजारी ठेवल्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही माझ्याच जबानीवर विश्वास ठेवला असता. तीत न पटण्यासारखं काही नव्हतं. रफिकच्या सर्व्हिस बुकात निष्काळजीपणाचा शेरा बसला. बंबावरून काढून त्याला पाण्याच्या टँकरवर टाकलं. आणि मला सोसायटीनं शाल आणि नारळ दिला, टेम्पो हटवून वाट मोकळी ठेवल्याबद्दल.

शाल घेऊन वर आलो तेव्हा मालती म्हणाली, "ती कपाटात माझ्या साड्यांवर ठेवू नका."

तिनं गॅलरीतून सगळं बघितलं होतं. मी तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "गाडी तिकडे होती, मग इकडे आली. मधे खांब होता. यापुढं मला सांगता येत नाही. एकच आठवतं, गाडी आत येताना आवाज नव्हता. घंटा नाही, इंजिन नाही, खाली लोक ओरडत होते तेही नाही. कानात कापूस घातल्यासारखं. मग एकदम सगळं सुरू झालं."

"घाबरली होतीस. होतं तसं," मी म्हणालो.

"हो. मी घाबरले होते, रफिक खोटा होता आणि तुमची टेप तेवढी खरी," ती म्हणाली. त्यानंतर हा विषय तिनं काढला नाही. पण रस्त्यात बंबाची घंटा वाजली की ती माझ्याकडे बघायची.

मी मात्र विचार करत राहिलो. रूळ वाकून परत सरळ झाला असेल? रूळ म्हणजे वेताची काठी नव्हे. माझीच मोजणी चुकली असेल? दहा इंचांनी? मी विद्यार्थ्यांना मिलिमीटरच्या चुकीसाठी जॉबचा तुकडा पुन्हा घासायला लावत असे. बंब कंपाउंडकडच्या बाजूनं आला असेल? तिथून तर रिक्षाही जेमतेम जाईल. वहीत आकृत्या काढल्या. पुठ्ठ्याचा बंब कापून पुठ्ठ्याच्या वाटेतून तिरका घालून बघितला. हसू नका... म्हातारपणी वेळ असतो.

यंदा उन्हाळ्यात सात रस्त्यावर चहाच्या गाड्याशी कुणीतरी हाक मारली. "सर, वळखलं का?"

रफिक. दाढी पांढरी झालेली. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. माझी नजर खाली गेली, पण त्यानं चहा सांगितला, तब्येत विचारली, मालतीचे गुडघे विचारले. त्याच्या खात्यातला एकजण बरोबर होता, तो मला म्हणाला, "ह्याला आमच्याकडं सुईधागा म्हनत्यात. सुईतनं हत्ती काढलाय म्हणं ह्यानं."

रफिकही हसला. तो माणूस गेल्यावर हळूच म्हणाला, "सर, एक इचारू? राग मानू नका. शेरा बसला त्याचं काय न्हाई, नोकरी संपली. पन आट वर्सं झाली, मलाच कळंना. खांब हुबा हुता का न्हवता? घरची म्हनती, धुरानं चक्कर आली आसंल तुमाला. टँकर चालवतानाबी सारकं वाटायचं, समोर दिसतंय ते हाय का न्हाई. मेरी आँखां झूटे क्या, सर? तुमीच शिकवलं हुतं की, डोळा फसतो म्हणून."

चहाचा ग्लास मी खाली ठेवला. "खांब उभा होता," मी म्हणालो. "मी खोटं लिहून दिलं."

मला वाटलं, तो उठून जाईल. त्यानंही ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "पुन्यांदा सांगा."

"खांब मधोमध उभा होता. तोरणसुद्धा तुटलं नव्हतं."

"तोरन!" तो म्हणाला. "व्हय की. झेंडूचं. म्या कुनाला सांगितलंच न्हाई. लोक म्हनले आसते, आता फुलंबी दिसाय लागली ह्याला."

"चल," मी म्हणालो.

दोघं सोसायटीत आलो. घरातून पहार आणि टेप आणली. पंचाहत्तर वर्षांचा मी आणि साठीचा तो, पेव्हर ब्लॉक उचकटताना दोघांनाही धाप लागली. खाली रुळाचा बुंधा होता, गंजलेला, वेल्डरनं कापलेल्या खुणेसकट. रफिक उकिडवा बसला आणि त्यावर हात ठेवून राहिला. मग टेपचं टोक मी भिंतीला धरलं, आकडा बुंध्यापाशी त्यानंच वाचला. वर गॅलरीत मालती येऊन उभी होती.

"किती भरलं?" तिनं विचारलं.

"सात-दोन," रफिक म्हणाला. मग मान वर करून, "ताई, तुमी बगितलं हुतं नव्हं? घंटी बंद पडली हुती का त्या टायमाला?"

मी टेप सोडून दिली. मालतीनं जे सांगितलं ते मी बाहेर कुणाजवळ बोललो नव्हतो.

"सगळंच बंद पडलं होतं," मालती म्हणाली. "वर या दोघं. भाकरी टाकते."

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. खांब वाटेत होता, मी लावला होता, माझ्या सह्या खोट्या आहेत, आणि चालकाची जबानी शब्दशः खरी आहे. तो घेऊन अग्निशमनच्या कार्यालयात गेलो. टेबलावरचा कारकून सभ्य मुलगा होता. दोनदा वाचून म्हणाला, "काका, तुमची चूक कबूल करताय ते ठीक. पण बंब आठ फूट, वाट सात फूट, मग आत कसा गेला? साहेब पहिलं हेच विचारतील. असं करा, खांब आधीच जरा कलला होता असं लिहा. शेरा निघून जाईल."

"कलला नव्हता."

"मग मी वर काय लिहून पाठवू?"

"जे लिहिलंय तेच."

अर्ज परत आला. 'मजकूर तर्कसंगत नसल्याने विचारात घेता येत नाही.' रफिकला दाखवला. म्हटलं, "कलला होता असं लिहू का? तुझं नाव तरी स्वच्छ होईल."

"नगं, सर," तो म्हणाला. "आत्ताच कुटं माजं डोळं परत मिळालं."

म्हणून हे इथे लिहितोय. खांबाचा बुंधा आता उघडाच ठेवलाय, जमिनीलगत आहे, गाड्यांना लागत नाही. वाट पूर्ण बारा फूट मोकळी असते. मीच सकाळी खाली उतरून बघतो. कुणाला मोजायचं असेल तर यावं, टेप माझ्याकडे आहे. बंब त्या दिवशी आत कसा आला, हे मात्र मला विचारू नका. आठ वर्षं मी तेच विचारतोय.