माझ्या नंबरावर तिचा पगार

आमच्या घराण्यात फॉर्म भरता येणारा पहिला माणूस मी. चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावात बाबांचं, काकांचं, दोन शेजाऱ्यांचंही बँकेत खातं मीच उघडून दिलं. त्यांच्यापैकी कोणाकडे तेव्हा मोबाईल नव्हता, म्हणून त्या रकान्यात सगळीकडे माझाच नंबर. ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्या काहीतरी कामी येतो आहे, या समाधानात ती सवयच लागली.

लग्नानंतर बायकोला अकोल्यात शाळेत नोकरी मिळाली. ती अमरावतीची, वकिलाच्या घरातली, माझ्याहून जास्त शिकलेली. तरी तिच्या पगाराच्या खात्याचा फॉर्म मीच भरला आणि हात चालला तसा माझाच नंबर लिहिला. तिनं न वाचता सही केली.

मग ती दुकानात कार्ड द्यायची आणि फोन वाजायचा माझा. संध्याकाळी मी विचारायचो, "आज काय घेतलं?" संशय नव्हता, खरंच नव्हता. मला नुसतं जाणून घ्यावंसं वाटे. हळूहळू मेसेज फक्त किराण्याचे येऊ लागले. बायको किती काटकसरी, असं मला वाटलं.

एका रविवारी तिची दोनदा शिवलेली चप्पल पुन्हा तुटली.

"नवी घे ना," मी म्हणालो.

"घेतली की तुमच्या खिशात घंटी वाजते. मग मला हजेरी द्यावी लागते. त्यापेक्षा मोची बरा."

आमच्यात पैशावरून कधी वाद होत नाही, असं मी मित्रांना सांगत असे. वाद होणार कसा? तिनं स्वतःसाठी काही घेणंच सोडलं होतं.

मग माझ्या आईवडिलांचं कसं जमलं असेल, हा प्रश्न डोक्यात राहिला. पुढच्या सुटीत गावी गेल्यावर मी बाबांना विचारलं, "बाबा, माय तूप विकायची, त्याचे पैसे किती येत होते?"

"मले काय मालूम? म्हैस तिची."

"कधी विचारलं नाई?"

"इचारलं होतं एक डाव. आठ दिवस ताटात तूप नाई दिसलं."

"आठ नाई, पंधरा," चुलीपुढून आई म्हणाली. "यायले गिनती कुठी येते!"

बाबा हसले. "पण लेका, खताले कमी पडले का न मांगता हातावर ठेवे. मंग काहून इचारू?"

अकोल्याला परतल्यावर आम्ही दोघं बँकेत गेलो. नंबर बदलायचा फॉर्म मी तिच्यापुढे सरकवला.

"राहवेल तुम्हाला?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

या वेळी तिनं फॉर्म पूर्ण वाचला, आणि स्वतःच्या अक्षरात भरला.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, ती बाजारातून एक मोठी पिशवी घेऊन आली आणि टेबलावर ठेवून आत गेली. मी चहा केला. पेपर दोनदा वाचला. पिशवीकडे पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. जेवणं झाली, भांडी झाली.

शेवटी तीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रागावली की तिचं शुद्ध मराठी गळून पडतं आणि अमरावतीची वऱ्हाडी तोंडात येते.

"अहो, विचारत काहून नाही? दुपारपासून वाट पाहून राहिली मी!"