माग बंद ठेवून केलेला अभ्यास

पहिल्या वर्षी माझे दोन विषय राहिले. मागाच्या आवाजात अभ्यास होत नाही, असं मी वडिलांना सांगितलं. ते खोटं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वळसंगहून येऊन मी सोलापुरात कॉमर्स शिकत होतो आणि एका तेलुगू विणकर कुटुंबाकडं भाड्यानं राहत होतो. भिंतीपलीकडं त्यांचा हातमाग. नवरा-बायको आळीपाळीनं चादरी विणायचे. त्यांना मी अण्णा आणि अक्का म्हणायचो. ती दोघं मला तम्मी म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ.

निकाल कळला तसे वडील गावाहून आले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अण्णांपुढं हात जोडले. "पोराचं वरीस वाया जाईल वो. दिवेलागणीपासनं जेवणापत्तुर तेवढा माग थांबवता आला तर बगा."

अण्णांनी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "शिकनारं पोर हाय. थांबवू की. त्यात काय?"

ऊन उतरल्यावरची तीच त्यांची मुख्य कामाची वेळ होती. आता अण्णा त्या वेळी बाहेर पायरीवर बिडी ओढत बसायचे आणि त्यांची पोरं खिदळली की अक्का त्यांना दबक्या आवाजात दटावायची. हे सगळं मला खिडकीतून दिसायचं.

आणि मी काय करायचो? आधी रंगीत पेन्सिलींनी वेळापत्रक आखायचो. ते बिनसलं की नवं. मग शेंगाची चटणी आणि भाकरी घेऊन अर्थशास्त्राचं पुस्तक उघडायचो. त्याची पहिली काही पानं माझ्या बोटांच्या तेलानं काळी झाली होती, पुढची दुकानातून आणली तशीच करकरीत. थोड्या वेळानं त्याच काळ्या पानावर गाल टेकून झोपायचो. जाग यायची तेव्हा कागद लाळेनं फुगलेला असायचा. मग पलीकडं ऐकू जावं म्हणून घसा खाकरून मोठ्यानं म्हणायचो, "मानवी गरजा अमर्याद असतात, साधने मर्यादित असतात." ते लिहिताना आजही मला माझ्याच तोंडाचा वास येतो.

दुसऱ्या वर्षाची दिवाळी जवळ आली, म्हणजे शिक्षण निम्मं झालं होतं. एकदा अक्का चहा घेऊन आली. "तम्मी, रोज त्याच वळी म्हनतोस बग. आमच्या बारक्याला बी पाठ झाल्यात. लई अवघड धडा दिसतोय की."

मला वाटलं, टोमणा आहे. पण तिचा चेहरा काळजीचा होता. बाहेर जाऊन ती अण्णांना म्हणाली, "सकाळी बी जरा थांबवू या माग. पोराला जमंना झालंय."

तेव्हा उठून खरं सांगायला हवं होतं. मी चहा प्यालो. चहा चांगला होता, हेही मला आठवतं.

सकाळीही माग थांबू लागला आणि मी उन्हं वर येईपर्यंत लोळू लागलो. दिवाळीच्या चादरी वेळेत झाल्या नाहीत. सूत देऊन चादरी विणून घेणाऱ्या नवी पेठेतल्या व्यापाऱ्याचा माणूस आला आणि राहिलेलं सूत उचलू लागला. अण्णा त्याला समजावत होते, "घरात शिकनारा पोरगा हाय."

"मग त्यालाच बसवा की मागावर," तो म्हणाला. "तुमी बसा पुस्तक घिऊन."

सूत गेलं. अण्णा दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीवर जाऊ लागले. घर दिवसभर शांत. त्या शांततेत मी पुस्तकाचं पुढचं करकरीत पान उघडलं आणि मला त्यातलं एक वाक्यही कळलं नाही. आवाज नव्हता, ज्याला दोष द्यावा असं काहीच नव्हतं. इतके महिने मी अभ्यास करत नव्हतोच, अभ्यासाचा आवाज करत होतो. आणि त्यासाठी दुसऱ्याच्या पोटापाण्याचा आवाज बंद पाडला होता.

तरी बोलायला मी चार दिवस लावले. शेवटी अण्णा कामावरून आले, पायरीवर बसून पाय धुऊ लागले, तेव्हा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. अक्का दारात होती. मान वर करवेना, म्हणून त्यांच्या ओल्या पायांकडं बघत म्हणालो, "अण्णा, मी अभ्यास करत नव्हतो. झोपत होतो. मागाचा मला कधीच त्रास झाला नाही, मी वडिलांना खोटं सांगितलं. तुमचं सूत माझ्यामुळं गेलं. अक्का, तो धडा अवघड नव्हता. मी पान उलटलंच नव्हतं. मला माफ करा."