कटुल्याचा वांझ वेल

बायको गेल्यापासून मला घरात बसवत नाही. सुना चांगल्या आहेत, वेळेवर ताट येतं, पण घर नको वाटतं. म्हणून मी धुऱ्यावर जाऊन बसतो. धुरा म्हणजे शेताचा बांध. तिथल्या काट्याच्या कुंपणावर तिनं लावलेले कटुल्याचे वेल आहेत. शिकलेले लोक त्याला कर्टुलं म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलो, मी कटुलंच म्हणणार.

आमचं गाव जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिचं माहेर डोंगराला आणखी लागून. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा पदरात बांधून कटुल्याचे कंद आणले. माझी आई म्हणाली, "लोकाच्या सुना सोनं आणतात, आमच्या सुनेनं माती आणली." हिनं कुंपणाच्या बुडाशी खड्डे केले. कंद लावले. पाऊस पडला की वेल वर यायचा, दिवाळीला वाळून जायचा, कंद जमिनीत तसाच राहायचा. श्रावणात दर दोन दिवसांनी भाजी, आणि सगळ्यात जास्त माझी आईच खायची. सासूला ही मामी म्हणायची.

काही वेलांना फुलं यायची पण फळ कधीच धरत नव्हतं. त्यांना सगळे वांझ वेल म्हणत. त्याचा कंद ती औषधाला ठेवायची. सहाणेवर पाणी घेऊन उगाळायचा आणि गळवावर, पू झालेल्या जखमेवर लेप लावायचा. हे तिच्या आजीकडून आलेलं. त्याला एक नेम होता, औषधाचं कोणाकडून काही घ्यायचं नाही. घेतलं तर हाताचा गुण जातो.

त्या वेळी वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा आणि आमच्याकडची शिकलेली पोरं नोकरीला तिकडेच जायची. गावच्या पाटलांचे जावई नागपूरला कॉलेजात रसायन शिकवायचे. दिवाळीला सासुरवाडीला आले ते नवा बूट घालून. टाच सोलली, पिकली, पाय खाली टेकेना. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस, दवाखान्यात विलायती औषध मिळत नव्हतं. पाटलीणबाईंनी हिला बोलावलं. हिनं लेप लावायला सुरुवात केली, आणि भाऊबीज होऊन जावई निघाले तेव्हा टाच सुकली होती.

जावई भारी चौकस माणूस. मला म्हणाले, "या मुळात नेमकं काय आहे ते मला काढून बघायचं आहे. थोडं नाही, चांगलं पोतंभर लागेल."

ही म्हणाली, "फळाचे वेल नाही देत. वांझ न्या सगळे. नुसती जागा अडवून राह्यले ते."

आम्ही दोघांनी कुदळीनं सगळे वांझ कंद खणले आणि पोतं पाटलांकडे पोचवलं. पाटलीणबाईंनी हिच्या ओटीत चोळीचा खण घातला. सणाचे दिवस, नाही कसं म्हणायचं? घेतला.

पुढच्या पावसात वेल असा माजला की कुंपण दिसेना. फुलं आली. फुलाखालचं बारकं फळ मात्र पिवळं पडून गळायला लागलं. रोज सकाळी बुडाशी सडा. श्रावण निम्मा झाला तरी भाजीपुरतं कटुलं नाही.

आई म्हणालीच, "खण घेतला. गुण गेला."

मी आईला म्हटलं, "तुले भाजी नाही भेटली म्हणून बोलून राह्यली तू." पण हिच्या मनानं ते घेतलं. गावातला पिंजारी मानेवर गळू घेऊन आला. वांझ कंदाचा सुकलेला एक तुकडा शिंक्यावर होता, तरी हिनं तो काढला नाही.

"भाऊ, माह्या हातात आता काही नाही राह्यलं."

"लगा तो दे, बहन."

"नाही भाऊ."

तो मान वाकडी धरून परत गेला. हिनं त्या दिवशी भाकर खाल्ली नाही. मी रागावलो, समजावलं, काही उपयोग नाही. आजीनं दिलेली एकच गोष्ट होती तिच्याजवळ, ती आपण एका खणापायी घालवली, असं तिला वाटत होतं.

पोळ्याला जावई आले ते आनंदातच. आमच्या ओट्यावर बसून सांगायला लागले. मूळ वाळवून कुटलं, स्पिरिटात भिजवलं, आटवलं. त्यात एक रिठ्यासारखा फेस देणारा अंश निघाला, एक कडू, एक तुरट. मग काचेच्या बशीत पुवाचे जंतू वाढवले. ते सायीसारखे पसरतात म्हणे. त्यात मुळाच्या अर्काचा थेंब ठेवला, तर थेंबाभोवती साय आलीच नाही, स्वच्छ गोल राहिला.

"सगळ्या जंतूंवर नाही चालत," ते म्हणाले, "काही तर त्याला भीक घालत नाहीत. पण पुवाच्या जंतूंवर चालतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं."

ही दाराआडून म्हणाली, "तवा चालत असंन जावईबापू. आता मुळातला गुण गेला. वेलच झडून राह्यला."

जावई उठून थेट धुऱ्यावर आले. एक फूल तोडून उलटं केलं. खाली बोराच्या बीएवढं काटेरी फळ.

"वहिनी, त्या वांझ वेलाच्या फुलाखाली असं फळ असायचं?"

"नाही. नुसता दांडा."

जावयांनी कपाळावर हात मारला. "मग ते वांझ कसले? नर होते ते. पपईत असतात तसे."

पपईतला नर आम्हाला ठाऊक होता. कटुल्यातही असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, "म्हंजे धुऱ्यावरचे नवरे सगळे खणून आपणच नागपूरले धाडले!"

"मी मुळाच्या मागे लागलो," जावई म्हणाले, "फुलाकडे बघितलंच नाही."

ही हसली नाही. तिनं विचारलं, "मंग खणानं नाही झालं हे?"

"खण काय करणार, वहिनी? नर नाही तर फळ नाही, एवढंच."

तेव्हा ती हसली, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी येऊन शिंक्यावरचा तुकडा काढला, उगाळला आणि मला पिंजाऱ्याकडे पाठवलं. त्याचं गळू तोवर फुटून गेलं होतं. तरी त्यानं लेप लावून घेतला. म्हणाला, "भेजा है तो लगाना पडेगा."

दिवाळीनंतर आम्ही दोघं तिच्या माहेरी पायी गेलो. बोरं पिकली होती, ही खात खात चालली, मी बिया थुंकत मागं. मेव्हण्यानं वाळलेले वेल दाखवून नराचे कंद खणून दिले. "भाऊजी, हे काय मागता? फळ नाही धरत याले," असं तो म्हणाला, तर ही म्हणते, "नवरा कुठं फळ धरते रे?" मी खाली बघून कंद उपरण्यात बांधले.

ते धुऱ्यावर लावले. पुढच्या पावसात कटुली इतकी लागली की आम्ही शेजाऱ्यांना वाटली. त्याच पावसात आईच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडून हात सुजला. दोन दिवस ती कोणाला बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हात पुढे केला.

ही धुऱ्यावर गेली. आता ती कंद अख्खा काढत नव्हती. नराच्या बुडाशी माती बाजूला करून बोटाएवढा काप घ्यायची आणि माती परत दाबायची. सहाणेवर उगाळून आईच्या तळव्यावर लावला.

आई म्हणाली, "गुण येईन का वं?"

"हात हालवू नका, मामी. लेप सांडून राह्यला."