शेल्टरच्या दाराशी काढलेल्या चपला

मंडळी, आत्ताच वादळातून सुटून हे लिहायला बसलोय. तेव्हा आजच्या शुद्धलेखनाचा दोष मला देऊ नका.

दुपारी आमच्या अलाबामातल्या खेड्यात टोर्नेडोचा भोंगा वाजला. शेजारच्या रूथमावशींनी हाका मारून आम्हा नवराबायकोला त्यांच्या जमिनीखालच्या शेल्टरमध्ये बोलावलं. आम्ही धावलो आणि सवयीने पायातलं दाराबाहेर काढून आत उतरलो!

"डॉक्टर, अक्कलही बाहेरच काढलीत का?" मावशी माझ्यावर ओरडल्या. "वादळानंतर वर काचा आणि खिळेच असतात!"

"आणते," म्हणत सुनीता जिना चढलीसुद्धा. मी "राहू दे गं" म्हणेपर्यंत ती बाहेर पडली आणि तिच्यामागे वाऱ्याने लोखंडी दार आपटलं. मावशी आणि मी दोघं ढकलतोय, पण उघडेना. वर पत्रे फाटत होते. तीस वर्षं पाठ असलेल्या स्तोत्राची मला पहिली ओळ आठवेना.

अखेर दार उघडलं आणि ती आत कोसळली. हातात फक्त माझे बूट.

"तुझ्या चपला?"

"उडाल्या. तुझे जड होते, म्हणून सापडले."

वादळ शेतांवरून निघून गेलं. घर शाबूत आहे. सुनीता आत खुशाल चहा टाकतेय. मी मात्र अजून ते दार ढकलतोच आहे. मंडळी, ही भीती अंगातून उतरायला किती दिवस लागतात हो?